मालकीणबाईंची डावी टाच

मालकीणबाईंच्या डाव्या टाचेला जे कळायचं, ते आम्हा तिघा वाजवणाऱ्यांना मिळूनही कळत नसे. कार्यक्रम मंगल कार्यालयात असो, शाळेच्या मैदानात असो, नाहीतर ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून केलेल्या स्टेजवर असो, त्या आधी चपला काढायच्या, पदर खोचायच्या आणि अनवाणी सगळ्या स्टेजवरून एकदा चालून यायच्या. मध्येच थांबून डावी टाच आपटायच्या, कान तिरका करायच्या. "हितली फळी बोलती. अन्वरभाई, तुमी आलीकडं सरका." फळी बोलते म्हणजे काय, हे मी एकदा धीर करून तपासायला गेलो. त्यांनी दाखवलेल्या जागी उभा राहून टाच आपटली. मला फळीचं काही ऐकू आलं नाही, पण फळीने माझं ऐकलं असावं. कारण माझा पाय घोट्यापर्यंत खाली गेला आणि तो वर काढायला मांडववाल्याला बोलवावं लागलं.

मालकीणबाई हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. तमाशाच्या फडाला जशी मालकीण असते, तशा त्या आमच्या बँडच्या. खरं पाहता बँडमध्ये त्यांच्या मालकीचं काहीच नव्हतं. कीबोर्ड माझा, ढोलकी अन्वरभाईंची, गिटार बंटीचं आणि टेम्पो बंटीच्या मेव्हण्याचा. पण त्या नसल्या की या सगळ्या नुसत्या वस्तू व्हायच्या. बावीस वर्षं त्या फडात नाचल्या. गुडघ्यांनी नाही म्हटल्यावर फड सोडला आणि राहुरीला खोली घेऊन शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगचे नाच बसवू लागल्या. बँडचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. आम्ही ते दर सहा महिन्यांनी बदलायचो आणि प्रत्येक नवं नाव आधीच्यापेक्षा वाईट असायचं.

त्यांची माझी पहिली भेट अशाच एका गॅदरिंगच्या तालमीला झाली. मुली लावणीला उभ्या होत्या, मी कीबोर्डवर होतो आणि गाणारी बाई एस.टी.त अडकली होती. मी आपला डोळे मिटून वाजवत होतो. तेवढ्यात स्पीकरमधून एक विचित्र खडबडीत आवाज यायला लागला. मी हात वर करून साउंडवाल्याला ओरडलो, "अरे बेस कमी कर! घरघर येतेय!" मुली नाचता नाचता थांबल्या. डोळे उघडले तर समोर माईक हातात धरून एक उंच, सावळी बाई उभी. "घरघर माझी हाय," त्या म्हणाल्या. "गानारी आली न्हाई म्हनून म्हनत हुते. पर तुमी लावनी वाजवताय का मयताची गाडी ढकलताय? आदी ते ठरवा."

मयताच्या गाडीबद्दल त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. आमच्या घरात तीन पिढ्या रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतात. वडील शाळेत मास्तर आणि देवळात पेटीवर. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. माझे हात त्याच पेटीवर वाढले. त्यामुळे मी काहीही वाजवलं, तरी त्यात प्रार्थनेचा संथपणा उतरतो. हे कळल्यापासून त्या मला 'पाळकसाहेब' म्हणू लागल्या. आमच्यात पाळक म्हणजे धर्मगुरू. माझ्या अंगात पाळकाचा एकही गुण नाही हे आमचे खरे पाळक शपथेवर सांगतील. पण गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा आणि पडलेला चेहरा यांच्या जोरावर ते नाव मला चिकटलं.

त्याच तालमीत दुपारच्या सुट्टीत त्या म्हणाल्या, "तुमच्या देवळातलं येक वाजवा की." मी एक जुनं, अगदी संथ गीत वाजवलं. त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं, मग डावी टाच जमिनीला टेकवली आणि जरा घाई करत त्याच चालीवर गुणगुणायला लागल्या. गीत तेच होतं, पण त्याला कुणीतरी उभं केल्यासारखं झालं. बँड त्या दुपारी सुरू झाला असं मी मानतो. नंतर त्यात कव्वाली आणि वरातीच्या बाजावर हात घासलेले अन्वरभाई आले, मोटर रिवाइंडिंगचं दुकान सांभाळून गिटार वाजवणारा बंटी आला. बंटी मोबाईलवरून कुठल्या कुठल्या बेटांवरच्या चाली शिकून यायचा. त्यातली एक मालकीणबाईंना फार आवडली. "ही चाल लंगडती," त्या म्हणाल्या, "पर पोचती." तिच्यावर त्यांनी भारूड बसवलं. कोपऱ्यात उभं राहून नाक मुरडणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी त्या भारुडाला तीनदा परत बोलावलं.

या खिचडीचा मला मात्र घरात त्रास झाला. एका रविवारी उपासनेत माझे हात चुकून त्या उभ्या केलेल्या चालीवर गेले. पहिल्या बाकावरच्या दोन आज्या टाळ्या वाजवू लागल्या. तिसरी जागेवरून उठायच्या बेतात होती. पाळकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वडिलांनी पाहिलंच नाही, ते जास्त भयंकर होतं. मालकीणबाईंना सांगितलं, तर त्यांना हसू आवरेना. "तिसरीला उटू द्यायचं हुतं," एवढंच म्हणाल्या.

मोजण्याचा त्यांना मनापासून तिटकारा. बंटी गाणं सुरू करताना सवयीने 'वन टू थ्री फोर' म्हणायचा. त्या गायच्याच नाहीत. "मोजतुयास कशाला? पोती भरायलीत का?" आमचं गाणं त्यांच्या टाचेवर सुरू व्हायचं. टाच किती वेळ हवेत राहील याचा नेम नसायचा. कधी दोन श्वास, कधी पाच. लोकांची चुळबूळ थांबेपर्यंत ती खाली यायची नाही. आली, की आम्ही तिघं एकदम पडायचो. अन्वरभाई त्यांच्या टाचेकडे बघून वाजवायचे, बंटी अन्वरभाईंकडे बघून आणि मी घाबरून.

माझ्या चुका त्या सर्कशीतल्या माणसासारख्या हवेतल्या हवेत झेलायच्या. कोपरगावला एका साखर कारखान्यातल्या कामगारांचा मेळावा होता. कीबोर्डवर एक बटण असतं, ते दाबलं की त्याच पट्ट्यांवरून सगळे सूर वर चढतात. घरी कशासाठी तरी दाबलेलं ते बटण मी तसंच ठेवलं होतं. मी सुरुवात केली आणि गाणं सरळ पत्र्याच्या छपराला जाऊन लागलं. दुसरी कोणी असती तर थांबली असती. मालकीणबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि तेच गाणं खालच्या अंगाने, जमिनीलगत गायल्या. कामगारांना वाटलं, असंच असतं. एकाने तर येऊन सांगितलं की वर पेटी आणि खाली बाई, हे लई भारी बसवलंय. टेम्पोत बसल्यावर त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, येकट्यानंच सर्गात जायचं ठरिवलं हुतं का?"

तो गळा. त्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. फडात गाणारी वेगळी असायची, नाचणारी वेगळी. मालकीणबाईंचा आवाज ऐकून त्यांच्या फडमालकाने पहिल्याच वर्षी हात जोडले होते. "बाई, तुझा गळा म्हंजी हिरीवरचं इंजिन. तू आपली पायानं बोल." त्या बावीस वर्षं पायाने बोलल्या. एकदा केडगावच्या टपरीवर चहा पिता पिता त्या सहज म्हणाल्या, "बघितलं मला लई जनांनी. ऐकलं कुनीच न्हाई." आणि कपातली साय बोटाने काढून टाकली. आम्ही तिघांनी आपापल्या कपात बघितलं. मला तर माझी 'घरघर' आठवून चहा कडू लागला.

नाचणं त्यांनी सोडलं होतं, घुंगरं नाही. लाल फडक्यात बांधलेली ती जोडी प्रत्येक कार्यक्रमाला पिशवीतून यायची. कार्यक्रमाआधी त्या तिला हात जोडायच्या आणि पुन्हा पिशवीत ठेवायच्या. "देव घरी ठिवून कुनी भाईर पडतं का?" लोक नाचायचा आग्रह करायचे, त्या नम्रपणे नाही म्हणायच्या. इतक्या नम्रपणे, की आग्रह करणाराच माफी मागून जायचा.

आता माझ्या सगळ्यात मोठ्या चुकीकडे येतो. बँडचे फोन मी घ्यायचो, कारण माझं मराठी शुद्ध आहे असा बाकीच्यांचा गैरसमज होता. माझ्यात एक खोट आहे. समोरच्याला नाही म्हणणं मला जमत नाही. लहानपणी गोळीवाल्यापासून मोठेपणी विमावाल्यापर्यंत मी सगळ्यांना हो म्हटलंय. एके दिवशी फोन आला तो मालकीणबाईंच्या गावातून, पाथर्डीच्या पलीकडून. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे कलावंतांनी हजेरी लावायची आणि दुपारी कुस्त्या, अशी तिथली पद्धत. यंदाची हजेरी आमच्या बँडने द्यावी. मी आनंदाने होकार दिला. बोलणं संपता संपता कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, "बाईंचा नाच हाय न्हवं?" आणि माझ्या तोंडून गेलं, "आहे, आहे!" फोन ठेवल्यावर मनाला समजावलं, की तिथे गेल्यावर बघू.

चार दिवसांनी मालकीणबाई तालमीला आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. त्यांना एक थोरले भाऊ. सगळे त्यांना दादा म्हणत. गावच्या भजनी मंडळाचे ते मुख्य गायक. बहीण फडात गेली तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ज्या वर्षी तिचा फड गावच्या जत्रेला यायचा, त्या वर्षी दादा आदल्या दिवशीच सासुरवाडीला निघून जायचे. या वेळी मालकीणबाईंनी स्वतः त्यांना फोन केला होता. "मी म्हनलं, दादा, आता नाचत न्हाई. गाती. येकदा ऐक. त्यानं दोनदा खाकरलं. मग म्हनला, नाच न्हाई ना? मग बसतो म्होरं." त्यांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "दादा म्होरं बसनार हाय!"

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी कीबोर्डवरची धूळ पुसली. पुढचे पंधरा दिवस मी कीबोर्डवरची धूळ पुसत होतो. अध्यक्षांना फोन लावायचो आणि पहिली रिंग वाजायच्या आत कापायचो.

जत्रेच्या सकाळी आमचा टेम्पो गावाच्या फाट्यावर पोचला, तर समोर वीस फुटी फ्लेक्स. त्यावर मालकीणबाई, ऐन तारुण्यातल्या, नऊवारीत, एक हात डोक्यावर. खाली 'ठसकेबाज लावणीनृत्य'. तळाशी कोपऱ्यात आम्ही तिघं. त्यातही मी अर्धा कापलेला.

"थांबीव," त्या म्हणाल्या. बंटीने टेम्पो थांबवला. त्यांनी फ्लेक्स अक्षर अक्षर वाचला. "ह्यो नाच कबूल कुनी केला?"

अन्वरभाई आयुष्यात पहिल्यांदाच ढोलकी पाहिल्यासारखे तिच्याकडे पाहू लागले. मी सगळं सांगितलं. पंधरा दिवसांच्या धुळीसकट.

"अरे पाळक!" अन्वरभाई म्हणाले. "तुझ्यापेक्षा मुका बरा रे!"

मालकीणबाई टेम्पोतून खाली उतरल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्या म्हणाल्या, "पाय दाखवा."

"काय?"

"पाय. चप्पल काढून."

मी पाय दाखवले. त्यांनी ते वासरू विकत घेताना बघतात तसे बघितले आणि मान हलवली. "चालतील."

देवळापुढे अख्खं गाव लोटलं होतं. झाडावर माणसं, ट्रॅक्टरवर माणसं, देवळाच्या ओवरीत बायका. मालकीणबाईंनी पुढच्या रांगेत मधोमध एक खुर्ची ठेवून घेतली होती. ती रिकामीच होती. पार मागे दीपमाळेजवळ पांढऱ्या टोपीतला एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. "दादा," मालकीणबाई म्हणाल्या. तोंड दिसत नव्हतं, पण त्यांना त्याची गरज नव्हती. "फ्लेक्स बघितला त्यानं." मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "पर गेला न्हाई आजून."

अध्यक्ष लगबगीने आले. "बाई, येक तरी लावनी नाचाच. पब्लिक ऐकायचं न्हाई."

"नाच हुईल," मालकीणबाई म्हणाल्या. "शबुद म्हंजी शबुद."

त्या अनवाणी स्टेजवर चढल्या, फळ्या तपासल्या, माईक घेतला. खालून शिट्ट्या सुरू झाल्या. "मंडळी, फ्लेक्सवर नाच लिवलाय. तवा नाच हुनार. पर शबुद मी दिलेला न्हाई. ज्यानं दिला, त्यो नाचंल!" आणि माझा हात धरून त्यांनी मला कीबोर्डमागून ओढून मधोमध उभं केलं. लाल फडकं सोडलं. घुंगरांना हात जोडले. मग गुडघ्यांची कुरकुर सोसत खाली बसून माझ्या दोन्ही पायांत त्यांनी ती बांधली. गाठ दोनदा आवळली. वर बघून हळूच म्हणाल्या, "लाजू नका. मी बी पैल्यांदा लाजले हुते."

अन्वरभाईंनी ढोलकीवर थाप मारली. मी नाचलो.

त्याचं वर्णन करत नाही. एकेका पायात दीड किलो पितळ घेऊन तीन पिढ्यांची प्रार्थना नाचायला लागली तर जे होईल, ते झालं. माझी पावलं आणि ढोलकी यांच्यात जे अंतर होतं त्यात एस.टी. वळली असती. गाव हसून हसून लोळलं. ओवरीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. झाडावरचा एकजण खाली आला, उतरून नव्हे. पोट धरून अध्यक्ष स्वतः "बास! बास!" ओरडत होते. कुस्त्यांसाठी आलेल्या एका पैलवानाने तर माझ्यावरून फेटा ओवाळला.

"झाला नाच?" मालकीणबाईंनी विचारलं.

"झाला!" गाव ओरडलं.

"मन भरलं?"

"भरलं!"

"मग आता बसा."

आणि ते बसले. हसून दमलेली माणसं लवकर बसतात, हे त्यांना बावीस वर्षांत कळलं असणार. त्यांची डावी टाच हवेत उचलली गेली. मी धावत कीबोर्डकडे निघालो, तर प्रत्येक पावलाला छन् छन्. गाव पुन्हा हसलं. टाच हवेतच. मी पोचलो. गाव शांत झालं. टाच खाली आली.

त्यांनी गौळण लावली होती. तमाशातही गातात आणि भजनातही गातात, अशी एक जुनी गौळण. खाली बंटीची लंगडणारी चाल, मध्ये ढोलकी, वर माझ्या देवळातले लांब सूर. आणि या सगळ्यांवरून तो गळा, नांगरटीच्या ढेकळासारखा. माझा पाय आपोआप ठेका धरायला लागला आणि घुंगरं त्यांच्या टाचेबरोबर वाजली. जन्मात पहिल्यांदा मी तालात होतो.

पहिलं कडवं संपलं. आम्ही ध्रुपदावर यायच्या आत स्पीकरमधून आल्यासारखा तोच आवाज पुन्हा आला, तेच शब्द घेऊन. मी साउंडवाल्याला खूण केली, "इको कमी कर!" त्याने हात झटकले. अन्वरभाईंनी हनुवटीने मागे दाखवलं.

दीपमाळेजवळ दादा गात होते. भजनात मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात, तसं त्यांनी ते उचललं होतं, एक हात कानावर ठेवून. पाठ आमच्याकडेच. गळा तोच. तसाच खडबडीत, तसाच विहिरीतून वर येणारा. तिथल्या माणसांनी तो गळा वर्षानुवर्षं भजनात नावाजला होता. आता ती माणसं एकदा पुढे बघत होती, एकदा मागे.

दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा त्यांनीच ध्रुपद उचललं. तिसऱ्या वेळी ते वळले.

मालकीणबाईंनी गाणं थांबवलं नाही. सूरही हलला नाही. पण त्या एका समेला त्यांची टाच पडली नाही. इतक्या कार्यक्रमांत ती एकदाच चुकली आणि ते फक्त आम्हा तिघांना कळलं. त्या जागी माझा पाय पडला. छन्.

गाणं संपल्यावर दादा स्टेजपाशी आले. बहिणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाबाचा गळा तुज्यात बी गेलाय व्हय? मला वाटलं, येकट्या माज्यातच आला." आणि घसा खाकरून, "चल. जेवाय चल. समदेच चला. ह्यो नाच्या बी घ्या संगं."

दादांच्या घरी पंगतीत बसलो तेव्हाही घुंगरं पायातच होती. मालकीणबाईंनी मारलेली गाठ मला सुटत नव्हती आणि त्या आत, भावजयीजवळ चुलीपाशी बसल्या होत्या. आमटी मागायला जरा हललो की छन् व्हायचं आणि वाढणारी आपोआप माझ्याकडे यायची. निघताना त्यांना गाठ सोडायला सांगितलं, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. जावा तसंच. मी चार दिस ऱ्हाती हितं." नगरला घरी पोचलो. आईने दार उघडलं, माझ्या पायांकडे बघितलं आणि आत वळून वडिलांना म्हणाली, "तरी मी तुम्हाला सांगत होते."

ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. मालकीणबाई आता दादांच्या भजनात गातात. मधे एकदा मी घुंगरं परत द्यायला गेलो होतो. ओवरीत दोघं भाऊबहीण शेजारी बसून एकमेकांना 'तू सूर चढा लावलास, तू चढा लावलास' म्हणून भांडत होते. मला त्यांनी ताक दिलं. घुंगरं घेतली नाहीत. "ठिवा तुमच्यापाशी," म्हणाल्या. "माजं काम झालं, पाळकसाहेब. तुमचं नाचनं आजून लई कच्चं हाय."

बँड चालू आहे. राहुरीची एक मुलगी गाते, छान गाते. मी स्टेजवर आधी अनवाणी चालून येतो. फळ्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. पिशवीत लाल फडकं असतं. फोन मीच घेतो. अजूनही कुणीतरी शेवटी विचारतंच, "नाच हाय न्हवं?"

"नाही," मी म्हणतो. "गाणं आहे. बसून ऐकणार असाल तर येतो."

बरेच जण फोन ठेवून देतात. काही जण मात्र जरा वेळ गप्प राहतात, विचार करतात. तेवढा वेळ मी डावी टाच उचलून थांबतो.